कुत्र्यांची केराटोमेट्री: आकडा मिलिमीटरमध्ये लिहा

ऑप्टो_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत माणसांचे डोळे तपासतो. शाहूपुरीतले एक पशुवैद्य मित्र दुकान बंद व्हायच्या वेळेला त्यांचे चार पायांचे पेशंट घेऊन येतात, त्यातून कुत्र्यांच्या कॉर्नियाची वक्रता मोजण्याच्या, म्हणजे केराटोमेट्रीच्या, कामात मी ओढला गेलो. आपल्या भागात हे काम वाढावं असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. डोळ्यात शिरणारा प्रकाश सगळ्यात जास्त इथंच वळतो. तो किती फुगीर आहे हे सांगायला त्याची त्रिज्या सांगतात. माणसाची साधारण ७.८ मिमी, कुत्र्याची सरासरी ८.५ मिमीच्या आसपास. म्हणजे कुत्र्याचा कॉर्निया आपल्यापेक्षा चपटा आणि बराच रुंद. लहान जातींत तो जास्त फुगीर, मोठ्या जातींत चपटा. पिल्लांत फुगीर असतो आणि वाढीबरोबर चपटा होत जातो.

मोजायची युक्ती फार सुंदर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॉर्निया हा बहिर्गोल आरसा. त्याच्यासमोर ठराविक आकाराची उजळलेली वर्तुळं धरली की त्यांचं छोटं प्रतिबिंब दिसतं. आरसा जितका फुगीर, तितकं प्रतिबिंब लहान. ते किती लहान झालं हे मोजलं की त्रिज्या निघते. अडचण अशी की जिवंत डोळा क्षणभरही स्थिर नसतो, मग हलत्या प्रतिबिंबावर माप कसं घ्यायचं? तोडगा असा काढला की यंत्रात प्रिझम बसवून त्या एका प्रतिबिंबाची दोन करायची आणि त्यांच्या कडा एकमेकींना टेकवायच्या. डोळा हलला तर दोन्ही बरोबरच सरकतात, टेकलेल्या कडा टेकलेल्याच राहतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचं याच तत्त्वावरचं यंत्र १८५० च्या दशकातलं, प्रयोगशाळेपुरतं. १८८१ मध्ये जावाल आणि श्योट्झ यांनी ते दवाखान्यात चालेल असं केलं. माणसासाठी केलेली ही सोय कुत्र्याच्या बाबतीत तर जास्तच उपयोगी पडते.

आता माझा आग्रह. यंत्र फक्त त्रिज्या मोजतं. डायॉप्टरचा आकडा, म्हणजे प्रकाश वळवायची ताकद, हा नंतरचा हिशोब असतो. बहुतेक यंत्रं ३३७.५ ला त्रिज्येनं भागतात, काही कंपन्यांची यंत्रं ३३२ ला. ८.५ मिमीचा एकच डोळा एका यंत्रावर ३९.७ दाखवेल आणि दुसऱ्यावर ३९.१. कुत्रा तोच, डोळा तोच. शिवाय हे दोन्ही आकडे माणसाच्या कॉर्नियाची पुढची-मागची वक्रता गृहीत धरून ठरवलेले आहेत. त्यामुळे कुत्र्याच्या कागदावर त्रिज्या मिलिमीटरमध्येच लिहावी, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन्ही अक्षांतली. डायॉप्टर हवे असतील तर शेजारी लिहा आणि कुठल्या अंकानं भागलंय तेही लिहा.

ज्यांनी मोजलंय, ज्यांच्या कुत्र्याचं मोजलंय, त्यांनी अनुभव लिहा.

---

ब्राउनीची_आई

दादा, बरं झालं धागा काढलात. आम्ही कसबा बावड्यात राहतो. आमची ब्राउनी लॅब्राडॉर आहे, नऊ वर्षांची. तिला मधुमेह निघाला आणि बघता बघता दोन्ही डोळे पांढरे झाले. आता पायरी चुकते, पाण्याचं भांडं नाकानं शोधते. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन होईल म्हणून सांगितलंय, पण आधी डोळ्याची सोनोग्राफी, ईआरजी (डोळ्यामागचा पडदा काम करतो का ते बघणारी तपासणी) आणि केराटोमेट्री करू म्हणाले. पहिल्या दोन्ही तपासण्या कळल्या. ही तिसरी कशाला? तिला त्रास होईल का? आणि इथंच कोल्हापुरात करून नेली तर चालेल का?

---

ऑप्टो_राजारामपुरी

ताई, त्रास अजिबात नाही. यंत्र डोळ्याला टेकतच नाही, फक्त उजेड पडतो. ब्राउनी शांत बसणारी असेल तर गुंगीचीही गरज नाही.

कशाला, ते सांगतो. मोतीबिंदू काढला की डोळ्यातली नैसर्गिक भिंग जाते. तिच्या जागी काही बसवलं नाही तर कुत्र्याला साधारण प्लस १४ चा नंबर येतो. म्हणजे उजेड, हालचाल कळेल, पण जवळचं-लांबचं सगळंच पुसट. म्हणून कृत्रिम भिंग बसवतात. तिची ताकद ठरवायला दोन मापं लागतात: कॉर्नियाची वक्रता आणि डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी. आपल्यात ही भिंग साधारण २१ डायॉप्टरची असते, कुत्र्यात ४१ च्या आसपास. डोळा लांबीला कमी, कॉर्निया चपटा आणि भिंग बसते तीही आत खोलवर, त्यामुळे जास्त ताकदीची लागते.

इथं मोजून नेलंत तरी ऑपरेशन करणारे डॉक्टर स्वतः पुन्हा मोजतील, आणि मोजायलाच हवं. पण दोन वेगळ्या वेळचे आकडे हाताशी असणं चांगलंच.

---

डॉ_कागलकर

मी पशुवैद्य आहे. ताईंना आधी सांगतो: वेळ घालवू नका. मधुमेह झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश कुत्र्यांना वर्षभरात मोतीबिंदू होतो, आणि तो भराभर पिकतो. भिंग फुगते, तिच्यातली प्रथिनं बाहेर झिरपून डोळ्यात सूज येते. ती सूज आटोक्यात नसेल तर ऑपरेशनचा निकाल बिघडतो. तोवर तुमच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब एकही वेळ चुकवू नका. ईआरजी महत्त्वाचीच. डोळ्यामागचा पडदाच (रेटिना) काम करत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

आता ऑप्टो भाऊंशी थोडा मतभेद. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी कुत्र्याला ४१ चीच भिंग बसते, मोजलं काय आणि न मोजलं काय. कुत्र्याची नजर मुळात आपल्याइतकी बारीक नाही. आपल्याला ७५ फुटांवरून दिसतं ते त्याला २० फुटांवर जावं तेव्हा दिसतं, असा ढोबळ हिशोब. त्याला वर्तमानपत्र वाचायचं नाही. अर्धा-एक डायॉप्टर इकडेतिकडे झाला तर त्याच्या आयुष्यात काय बिघडतं? आणि चूक व्हायचीच तर लांबीच्या मापात जास्त होते. माणसातसुद्धा एक मिलिमीटर चुकला की अडीच-तीन डायॉप्टरचा फरक पडतो. कुत्र्याचा डोळा त्याहून आखूड, साधारण साडेवीस मिमी, तिथं आणखी जास्त. ग्रामीण भागात पशुपालकाचे पैसे कशावर खर्च करायचे हा प्रश्न मला रोज पडतो. मी तरी ते सोनोग्राफीवर करीन.

---

ऑप्टो_राजारामपुरी

डॉक्टर, लांबीच्या मापाबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. सरासरी कुत्र्याला सरासरी भिंग चालते, हेही मान्य. माझं म्हणणं सरासरीपासून लांब असलेल्या कुत्र्यांबद्दल आहे. ग्रेट डेनचा कॉर्निया आणि चिवावाचा कॉर्निया यांत काही डायॉप्टरचा फरक असतो. केराटोमेट्रीतला एक डायॉप्टर म्हणजे शेवटच्या नंबरात जवळपास एक डायॉप्टर. तो कुत्रा सरासरीतला आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कळणार कसं?

पूर्वी कुत्र्यांना ३० डायॉप्टरच्या आसपासच्या भिंगा बसवत. त्या अपुऱ्या पडायच्या, कुत्री चांगल्याच प्लस नंबरवर राहायची. मोजमापं झाली, हिशोब झाले, तेव्हा ४१ वर येता आलं. तुम्ही आज न मोजता जो आकडा वापरता तो कुणीतरी मोजून ठेवलेला आहे. आपल्याकडे कारवान, मुधोळ हाउंड अशी लांब तोंडाची कुत्री गावोगाव आहेत. त्यांचे आकडे आपण नाही लिहायचे तर कोण लिहिणार?

आणि भिंग ही एकच गरज नाही. कॉन्टॅक्ट लेन्स आहे, जखमेनंतर कॉर्नियाचा आकार किती बदलला ते बघणं आहे.

---

उद्यमनगर_टर्नर

मी डोळ्यातला माणूस नव्हे, मशीन शॉप आहे आमचं. पण भावा, तू मिलिमीटर म्हणालास म्हणून थांबलो. तुझं यंत्र बरोबर दाखवतंय हे तू कशावर तपासतोस?

---

ऑप्टो_राजारामपुरी

यंत्राबरोबर आलेली एक गोळी आहे, माणसाच्या मापाची. कुत्र्याच्या मापाची नाही. मोठ्या त्रिज्येकडे यंत्र कसं वागतं हे त्या गोळीवरून कळत नाही, ही अडचण खरी आहे.

---

उद्यमनगर_टर्नर

मग बेअरिंगच्या गोळ्या घे की. आमच्यात दुकानात सुट्या मिळतात. पाच अष्टमांश इंचाची गोळी म्हणजे १५.८७५ मिमी व्यास, त्रिज्या ७.९४. अकरा सोळांशाची १७.४६, त्रिज्या ८.७३. पाऊण इंचाची १९.०५, त्रिज्या ९.५२. साध्या ग्रेड १०० च्या गोळीतसुद्धा गोलपणातली चूक अडीच मायक्रॉनच्या आत असते. तुला किती बारीक लागतं?

---

ऑप्टो_राजारामपुरी

दादा, लई मोठं काम केलंत! ८.५ मिमीच्या आसपास पाव डायॉप्टर म्हणजे त्रिज्येत सुमारे ५० मायक्रॉन. अडीच मायक्रॉन म्हणजे आमच्या गरजेच्या कितीतरी पुढं.

हिशोब करून बघितला. ३३७.५ नं भागलं तर तुमच्या तीन गोळ्या ४२.५, ३८.७ आणि ३५.४ डायॉप्टर दाखवायला हव्यात. म्हणजे लहान कुत्रा, मोठा कुत्रा आणि त्याही पलीकडचा. तिसरी फार कामाची आहे, कारण बॉश अँड लॉम्ब पद्धतीच्या यंत्राचा पल्ला ३६ ते ५२ डायॉप्टर आहे. माणसासाठी तो भरपूर, पण थोराड कुत्रा खालच्या टोकाला घासतो. तिथं यंत्राच्या पेशंटकडच्या बाजूला मायनस १.०० ची भिंग चिकटवली की पल्ला ३० पर्यंत खाली जातो. मग आकडा तक्त्यावरून बदलून घ्यावा लागतो, आणि तो तक्ता आपल्या यंत्राला लागू आहे की नाही हे पाऊण इंची गोळी सांगेल.

---

उद्यमनगर_टर्नर

गोळीवरचं तेल पेट्रोलनं पुसून घे, मग कोरड्या मऊ कापडानं. डाग राहिला तर तुझी वर्तुळं वेडीवाकडी दिसतील. बसवताना खाली काळी प्लॅस्टिसिन घे, हलणार नाही. गंजू नये म्हणून काम झालं की परत तेलाचा हात.

---

शिरवळ_पीजी

सर, मी शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकतोय, सर्जरीत. मोजताना पाळायच्या काही गोष्टी लिहितो, कारण यांच्यामुळे आकडे खरंच बदलतात.

गुंगी दिली की कुत्र्याचा डोळा खाली आणि आत वळतो, तिसरी पापणी (आतल्या कोपऱ्यातली) वर चढते. मग आपण मोजतो तो कॉर्नियाचा मध्य नसतोच, वरचा भाग असतो, आणि कडेकडे कॉर्निया चपटा होत जातो. पूर्ण भुलेत सर्जन डोळा सरळ राहावा म्हणून अॅट्राक्युरियमसारखं स्नायू सैल करणारं औषध देतात. तेव्हा मोजलेला आकडा आणि जागेपणी मोजलेला आकडा एकाच रकान्यात लिहू नयेत. भुलेत पापणी मिटत नाही, त्यामुळे मिनिटभरात पृष्ठभाग सुकायला लागतो. सलाइनचा एक थेंब टाकायचा, जादा ओघळू द्यायचं आणि लगेच मोजायचं. घट्ट जेल टाकली तर आपण जेलची वक्रता मोजतो.

पापण्या उघडताना बोट डोळ्याच्या गोळ्यावर दाबायचं नाही. वरची पापणी भुवईच्या हाडावर धरायची, खालची गालाच्या हाडावर. पापण्या उघड्या धरणारा तारेचा स्पेक्युलम शक्यतो नको, त्याच्या दाबानं एक अक्ष फुगतो आणि नसलेला सिलिंडर, म्हणजे दोन अक्षांतला फरक, दिसतो. गळपट्टा ओढून धरायचा नाही, छातीला पट्टा असेल तर उत्तम.

क्रमही महत्त्वाचा. केराटोमेट्री आधी, मग बधिर करणारा थेंब, डोळ्याचा दाब, जखम दाखवणारा फ्लुरोसीनचा रंग वगैरे. दाब मोजायचं यंत्र कॉर्नियाला टेकून गेलं की पृष्ठभाग थोडा तरी बिघडलेला असतो.

---

ऑप्टो_राजारामपुरी

हे सगळं छापून दुकानात लावतो. भुवईच्या हाडावर पापणी धरण्याची गोष्ट तर प्रत्येक मदतनिसाला शिकवली पाहिजे. माझी थोडी भर: टेबलावरच्या यंत्राची हनुवटीची पट्टी काढून टाका. कुत्र्याचं तोंड त्यात बसत नाही आणि ते घाबरतं. कुत्रा टेबलावर बसवा, मालकाच्या तळहातावर त्याची हनुवटी. खोलीत मंद उजेड ठेवा आणि यंत्राच्या दिशेनं ओळखीचा आवाज येऊ द्या. हातात धरायचा ऑटोकेराटोमीटर मिळाला तर सगळंच सोपं होतं. एका आकड्यावर थांबू नका. तीन-चार वेळा घ्या, आणि ते एकमेकांपासून लांब पडले तर त्या दिवशी सोडून द्या.

---

रंकाळा_पग

आमच्या पगचं मोजायला गेलो तर वर्तुळं तुटकतुटक दिसतात म्हणाले आणि आकडा आलाच नाही. म्हणजे कॉर्निया खराब आहे का? डोळ्यात कोपऱ्याकडून काळपट डाग पण पसरतोय.

---

डॉ_कागलकर

ही वर्तुळं कॉर्नियावर उमटत नाहीत, त्याच्यावरच्या अश्रूंच्या थरावर उमटतात. थर तुटका, तर वर्तुळ तुटकं. तुमच्या पगची अश्रूंची पट्टी लावून बघितलीय का? एका मिनिटात पट्टी १५ मिमीपेक्षा जास्त भिजली पाहिजे. कमी भिजत असेल तर डोळा कोरडा आहे. पगमध्ये कोरडेपणा, पूर्ण न मिटणाऱ्या पापण्या आणि आत वळलेले केस यांमुळे असा काळा डाग पसरतो आणि पुढं नजर झाकतो. हे आकड्यापेक्षा तातडीचं आहे. या आठवड्यातच दाखवा.

आणि ऑप्टो भाऊ, तुमच्या यंत्रानं न दिलेला आकडाही कामाचा निघाला, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. आपण वर्तुळं कशी दिसली हेही लिहून ठेवू या.

---

शिरोळचा_शेतकरी

आमच्याकडं तोडणी चालू असताना कुत्रं उसात घुसलं आणि पाल्यानं डोळ्याला चर पडला. डॉक्टरांनी औषध दिलं, जखम भरायला वेळ लागतोय. डोळ्यावर लेन्स बसवली तर लवकर भरेल असं कुणी म्हटलं म्हणून माणसाची मऊ लेन्स बसवून बघितली. संध्याकाळपर्यंत पडली. दुसरी बसवली, ती पण पडली. असं का?

---

ऑप्टो_राजारामपुरी

काका, इथं वक्रतेचं माप थेट कामाला येतं. मऊ लेन्स ही कॉर्नियापेक्षा थोडी चपटी घ्यावी लागते. माणसाचा कॉर्निया ७.८ चा, म्हणून त्याची लेन्स ८.४ ते ८.६ ची असते. तुमच्या कुत्र्याचा कॉर्नियाच ८.५ च्या आसपास असणार. मग तीच लेन्स त्याला घट्ट होते, नीट बसत नाही. त्यात माणसाच्या लेन्सचा व्यास १४ मिमी, कुत्र्याचा कॉर्निया त्याहून रुंद, त्यामुळे कड कॉर्नियावरच येते. वरून तिसरी पापणी येऊन तिला ढकलते. म्हणून ती टिकत नाही. कुत्र्यांसाठीच्या लेन्स जास्त चपट्या आणि मोठ्या व्यासाच्या येतात. त्या निवडताना दोन मापं द्या: त्रिज्या आणि कॉर्नियाची आडवी रुंदी. केराटोमीटर मधला तीनेक मिलिमीटरचाच भाग बघतो, कडेचं त्याला दिसत नाही, म्हणून रुंदी वेगळी मोजावी लागते. जखम त्या डोळ्यात असेल तर माप दुसऱ्या, चांगल्या डोळ्याचं घ्या.

---

डॉ_कागलकर

काका, लेन्स राहू द्या बाजूला, आधी हे वाचा. पाल्यापाचोळ्यानं झालेल्या जखमेत बुरशी शिरू शकते. बुरशी किंवा जंतू असताना वरून लेन्स झाकणं धोक्याचं. आणि मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड असलेले थेंब आणले असतील तर ते आत्ता बंद करा. उघड्या जखमेवर स्टेरॉइडनं कॉर्निया वितळून फुटू शकतो. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन असं काही लिहिलंय का बघा आणि मला इथं कळवा.

---

शिरोळचा_शेतकरी

बघितलं डॉक्टर. एका बाटलीवर डेक्सामेथासोन लिहिलंय. डॉक्टरांनी दिलेली नव्हे, शेजाऱ्याकडनं आणलेली. बंद केली. उद्या सकाळी जयसिंगपूरला परत दाखवतो.

---

कोडिंग_कोल्हापुरी

एक विचारू? मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढं गोल गोल रेघांची तबकडी लावून माणसाच्या कॉर्नियाचा नकाशा काढायचं काम बंगळुरूत मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी केलंय. शंकूसारखा फुगणारा कॉर्निया ओळखण्यासाठी. कुत्र्यासाठी तसं का नको? फोटो काढायला क्षणभर पुरतो.

---

ऑप्टो_राजारामपुरी

नक्की करू या. ती तबकडी प्लासिडो यांची, १८८० ची. तत्त्व तेच, वर्तुळाच्या प्रतिबिंबाचं. फोटोत एक मोठी सोय आहे की कुत्रा सरळ बघत होता की नाही हे नंतरही तपासता येतं. अवघड भाग अंतराचा आहे. कॅमेरा आणि डोळा यांच्यातलं अंतर माहीत नसेल तर प्रतिबिंबाच्या आकारावरून त्रिज्या काढता येत नाही. तू आधी उद्यमनगरच्या तीन गोळ्यांचे फोटो काढ आणि तिन्हींच्या त्रिज्या बरोबर येतात का बघ. त्या जमल्या की कुत्र्याकडे जाऊ.

---

रॉटी_शाहूपुरी

आमचा रॉटवायलर लांबून आम्हाला ओळखत नाही, जवळ आल्यावर शेपूट हलवतो. याचा नंबर या तपासणीत कळेल का?

---

शिरवळ_पीजी

केराटोमेट्रीतून नाही कळणार. ती डोळ्याच्या फक्त पुढच्या पृष्ठभागाबद्दल सांगते. नंबरासाठी रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायची तपासणी, ती करून घ्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या १४४० कुत्र्यांच्या तपासणीत सरासरी नंबर जवळपास शून्य आला, पण काही जातींत मायनस नंबर जास्त दिसला आणि रॉटवायलर त्यांतली एक. लॅब्राडॉरमधल्या मायनस नंबराचा अभ्यास झालाय, तिथं दोष कॉर्नियात सापडला नाही. भिंगेच्या मागची पोकळीच लांब होती.

---

ब्राउनीची_आई

पुण्याची तारीख मिळाली. त्याआधी दादांकडे ब्राउनीला घेऊन येते. उपाशी आणायची का? तिचं इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ असतं.

---

डॉ_कागलकर

अजिबात उपाशी नको. गुंगी द्यायची नाही, त्यामुळे नेहमीच्या वेळेला जेवण आणि नेहमीच्या वेळेला इन्सुलिन. ऑपरेशनच्या दिवशीचं वेळापत्रक मात्र पुण्याचे डॉक्टर सांगतील तसंच, त्यात स्वतःहून बदल नको.

---

ऑप्टो_राजारामपुरी

या ताई. साडेआठनंतर दुकानात गर्दी नसते. छातीचा पट्टा घाला, गळपट्टा नको. सूज उतरण्याचे थेंब वेळेवर टाका, फक्त यायच्या आधी तासभर जेल किंवा मलम टाकू नका. कागदावर मी दोन्ही डोळ्यांच्या दोन्ही अक्षांतल्या त्रिज्या, कॉर्नियाची रुंदी, जागेपणी मोजलं हे, वर्तुळं कशी दिसली ते आणि यंत्राचं नाव लिहून देईन. तो कागद फाइलला लावून पुण्याला न्या.

---

गडहिंग्लज_कारवान

आमच्याकडं कारवानची जोडी आहे, दोन्ही तीन वर्षांच्या पुढची. डोळ्याला काही झालेलं नाही. तरी आणली तर मोजाल का?

---

ऑप्टो_राजारामपुरी

चांगल्या डोळ्यांची मापं तर सगळ्यात आधी हवीत. जरूर आणा. दोघांचं वय आणि वजन लिहून आणा, आणि एकाला मोजताना दुसऱ्याला बाहेर धरायला कुणीतरी सोबत असू द्या.